मागे सरलेली सहा माणसं

काचेच्या कारखान्यात त्याला सगळे कणीदादा म्हणत. काच कापायच्या त्याच्या जुन्या पेनाच्या टोकाला हिऱ्याची बारीकशी कणी होती. बाकीच्यांनी चाकाची नवी पेनं घेऊन जमाना झाला, पण हा गडी कणी सोडायला तयार नव्हता. पट्टी ठेवायची, श्वास आत धरायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच ओढीत रेघ न्यायची. रेघेबरोबर बारीक चर्र आवाज येई. तो मध्येच तुटला तर काच वाकडी फुटणार, हे त्याला न बघता कळे. हे काम बसून होत नाही. सत्तावीस वर्षं तो उभा होता. संध्याकाळी घरी गेला की बायको विचारी, "आज फार होतं का हो काम?" तो पाय पुढे करी. ती घमेल्यात गरम पाणी आणून ठेवी. एवढं त्यांचं रोजचं बोलणं.

त्याच्या डाव्या तळव्यावर मनगटापासून करंगळीपर्यंत एक पांढरा व्रण होता आणि ती करंगळी वाकत नसे. कामाला लागला त्या वर्षी त्याच्या हातून माणसाएवढी उंच काच सुटली आणि त्याने ती पकडायला हात घातला. तेव्हापासून त्याच्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला तो आधी पेन देत नसे. काचेच्या मापाचा एक प्लायवूडचा तक्ता त्याने ठेवला होता. नवा माणूस डबा खात असो, बोलत असो, पाठ करून उभा असो, दादा तो तक्ता अचानक सोडून देई आणि ओरडे, "सुटली!" की दोन्ही हात वर आणि दोन पावलं मागे. ज्याचा हात तक्त्याकडे गेला, त्याला आणखी आठ दिवस तेच. असे सहाजण त्याने तयार केले होते. आता त्या सहाजणांना विचार करावा लागत नसे. त्यांचे पायच विचार करत. बावीस वर्षांत त्या खात्यात कुणाचं बोट गेलं नव्हतं. या गोष्टीचा दादाला अभिमान होता, पण तो कधी बोलून दाखवत नसे.

मग नवे साहेब आले. माणूस तरुण, हसरा, मनाने वाईट नाही. कारखान्यातली माणसं एकमेकांशी फार कमी बोलतात, असं त्यांना पहिल्याच आठवड्यात दिसलं. काच हातात असताना माणूस बोलत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांनी सोमवारी केक सुरू केला. मग एका रंगाचे कपडे घालायचा शुक्रवार आला. मग रविवार आले. एका रविवारी चालण्याची शर्यत, एका रविवारी आवाराची साफसफाई, एका रविवारी सगळ्यांच्या कुटुंबांचा मेळावा, त्यात दादाच्या बायकोला चमच्यात लिंबू धरून पळावं लागलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "मी काय पाप केलं होतं?"

"तू माझ्याशी लग्न केलंस," दादा म्हणाला आणि आडवा झाला.

एका दुपारी फळ्यावर नवी सूचना लागली. येत्या रविवारी शहराबाहेरच्या मैदानावर टीम बिल्डिंग. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. चहाच्या वेळी फळ्याखाली घोळका जमला.

"केक झाला, कपडे झाले, आता खेळ," घाशा म्हणाला. तो काचेच्या कडा घासायचा, म्हणून घाशा. दादाने तयार केलेल्या सहाजणांतला तो पहिला. "सहा दिवस हीच तोंडं बघायची. सातव्या दिवशी तीच गवतावर बसवून बघितली की जास्त गोड दिसतात काय?"

"तुमचं तोंड कुठेही बसवा, तसंच दिसणार," पॅकिंगवाली म्हणाली. "मला तर जायचंय बाई. घरी रविवारी मला कोण बसू देतं? तिथे जेवण आयतं ताटात येणार. दिवसभर दोरी ओढायला लावली तरी ओढीन."

"तू ओढ. मी झाडाखाली झोपतो."

"झोपलात तर नाव वर जाईल."

"जाऊ दे. नाव तरी जाईल. मी खालीच बरा."

सगळे हसले. दादा हसला नाही. तो सूचनेतली तारीख पुन्हा पुन्हा वाचत होता. त्याच दिवशी साडेचारच्या बसने त्याची आक्का चालली होती.

आक्का त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई कामावर जायची, तेव्हा तिने त्याला कडेवर घेऊन वाढवलं. लग्नानंतरही ती याच शहरात राहिली आणि दर रविवारी अकरा वाजता दादा तिच्याकडे जाई. फार काही बोलत नसत. ती काहीतरी निवडत बसे, तो भिंतीला टेकून पाय लांब करी. गेल्या तीन महिन्यांत मात्र शर्यती आणि मेळाव्यांनी ते रविवार खाल्ले होते. आता मेहुणे नव्हते, आक्काचे गुडघे गेले होते आणि तिची लेक तिला आपल्याकडे नेत होती, दोन दिवसांच्या वाटेवर. "परत यायचं म्हणजे आता कुणी उचलून आणलं तरच," आक्का फोनवर म्हणाली होती आणि हसली होती. तिचं हसणं दादाला आठवडाभर आवडलं नव्हतं.

तो साहेबांच्या खोलीत गेला.

"साहेब, रविवारी मला सुट्टी पाहिजे."

"रविवारी सुट्टीच असते की, दादा!"

"तसं नाही. खेळाला नाही जमणार. थोरली बहीण कायमची चाललीय लेकीकडे. साडेचारची बस आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "दादा, तुम्ही सगळ्यात जुने. तुम्ही नाही आलात तर तुमची ती सहा माणसं येतील का? मला वर उत्तर द्यायचंय. असं करा, दोनला निघा. मी शब्द देतो. तासभर हातात ठेवून पोचाल."

दादाने मनात हिशेब केला. दोनला निघालं तर तीनच्या आत आक्काजवळ. दीड तास मिळतो. त्याने मान हलवली.

रविवारी टी-शर्ट उशिरा आले, म्हणून सगळंच उशिरा सुरू झालं. पिवळे टी-शर्ट, छातीवर मोठ्या अक्षरांत 'आम्ही एक'. दादाचा पोटावर ताणला जाऊन 'एक' जरा जास्तच मोठा दिसत होता. ट्रेनरबाई चपळ होत्या, गळ्यात शिट्टी, हातात गुणांचा कागद. त्यांनी माणसांना एका पायावर उड्या मारायला लावल्या. डोळे बांधून एकमेकांची नाकं ओळखायला लावली. वर्तमानपत्राचा मनोरा करायला लावला. घाशाने चिकटपट्टी न वापरता इतका ताठ मनोरा उभा केला की बाईंना वाटलं काहीतरी लबाडी आहे. पॅकिंगवाली खरोखरच आनंदात होती. तिने दोनदा दोरी ओढली, जिंकली आणि सावलीत बसून सावकाश जेवली.

दादाचं लक्ष घड्याळात होतं. दोन वाजले. तो साहेबांजवळ गेला.

"साहेब, दोन."

"अरे हो! एकच खेळ राहिलाय, विश्वासाचा. महत्त्वाचा तोच. तुमच्यापासूनच सुरू करू, म्हणजे तुम्ही मोकळे."

दादा लगेच उभा राहिला. उगाच बोलण्यात पाच मिनिटं कशाला घालवा?

ट्रेनरबाईंनी त्याला मधोमध उभं केलं. त्याच्या मागे त्याचीच सहा माणसं उभी केली. "डोळे मिटा. हात छातीशी. गुडघे वाकवायचे नाहीत, एकदम ताठ. आणि स्वतःला मागे सोडून द्या. तुमचे साथीदार तुम्हाला झेलतील."

दादाने डोळे मिटले. मिटताच बरं वाटलं. सकाळपासूनचं ऊन पापण्यांवर तांबडं झालं. सत्तावीस वर्षं उभ्या असलेल्या पायांना कुणीतरी सांगत होतं की आता सोडा. आणि त्याने सोडलं.

मागे घाशाला काय दिसलं? माणसाएवढं उंच, ताठ, न वाकणारं काहीतरी तोल जाऊन आपल्याकडे येतंय. त्याच्या तोंडून निघून गेलं, "सुटली!"

बारा हात वर गेले. सहा माणसं एकाच वेळी दोन पावलं मागे सरली.

दादा पाठीवर धप्पकन पडला.

ट्रेनरबाईंच्या तोंडातली शिट्टी गळून छातीवर लोंबायला लागली. सहाजण अजून हात वर करून उभे होते. चोर पकडल्यावर उभे राहतात तसे. आपण काय केलं, हे त्यांच्या तोंडावर हळूहळू उतरत होतं.

"दादा!" घाशा धावत येऊन गुडघ्यांवर बसला. "अरे, मी... आईशप्पथ, मला कळलंच नाही."

दादाला श्वास घ्यायला वेळ लागला. मग त्याने विचारलं, "कुणाचा हात पुढे आला?"

"कुणाचाच नाही."

"सहाच्या सहा?"

"सहाच्या सहा मागे."

"मग ठीक आहे," दादा म्हणाला आणि तसाच पडून राहिला. कंबर ठणकत होती, पण गवत थंड होतं आणि उठायची इच्छा होत नव्हती.

ट्रेनरबाई कागदावर काहीतरी लिहीत होत्या. साहेब वाकून म्हणाले, "असं कसं झालं? तुमचा एकमेकांवर विश्वासच नाही का रे?"

घाशाचं डोकं फिरलं. "साहेब, बावीस वर्षं काचेचं दुसरं टोक या माणसाने धरलंय. त्याचा हात हलला असता तर माझा गळा गेला असता. तुम्ही गवतावर विश्वास मोजताय."

साहेबांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. "दादा, चला, डॉक्टरकडे नेतो."

"डॉक्टर नको. बसस्टँडवर सोडायला सांगा."

"सांगतो, लगेच सांगतो." साहेबांनी ड्रायव्हरला हाक मारली. मग जरा घुटमळले. "फक्त... फोटो तेवढा होऊ दे. वर पाठवायचा आहे. सगळ्यात जुना माणूसच नसला तर बरं दिसणार नाही."

घाशाने तोंड उघडलं. दादाने त्याच्या खांद्याचा आधार घेतला आणि तो उठला. वाद घालायला जेवढं बळ लागतं तेवढं त्याच्यात नव्हतं. फोटोला आधी सूर्य आडवा आला, मग पॅकिंगवाली हात धुवायला गेलेली, मग बॅनर उलटा. दादा कंबरेवर हात ठेवून पहिल्या रांगेत उभा होता. फोटो झाला तेव्हा तीन वाजून गेले होते. वाटेत रेल्वेचं फाटक बंद मिळालं.

तो बसस्टँडवर पोचला तेव्हा पावणेचार झाले होते. आक्का बाकावर बसली होती, पायाशी दोन पिशव्या. लेक तिकिटांच्या रांगेत गेली होती.

"हे काय घातलंयस?"

"कारखान्याचं आहे."

"आणि असा वाकून का चालतोयस?"

"पडलो जरा. खेळताना."

"या वयात?" ती हसली आणि तिने बाजूला सरकून जागा केली.

तो बसला. खूप सांगायचं होतं. तीन महिन्यांचे रविवार राहिले होते. त्याने सुरुवात केली, "आक्का, मी येणार होतो गं, पण..." बाकाची पाठ कंबरेला नेमकी लागली. समोर एक बस मागे घेत होते, कुणीतरी "येऊ द्या, येऊ द्या" ओरडत होतं. तेवढंच त्याला आठवतं.

"ऊठ रे," आक्का म्हणाली. तिचा हात त्याच्या केसांवर होता. बस लागली होती, लेक पिशव्या चढवत होती.

दादाने घड्याळ पाहिलं. "मला उठवलं का नाहीस?"

"इतका गाढ झोपला होतास. लहानपणी झोपायचास तसा, तोंड उघडं टाकून."

"पण माझं सगळं बोलणं राहिलं ना!" त्याचा आवाज चिडका आला, आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

आक्काला खिडकीची जागा मिळाली. दादाने तिला वर चढवलं, पिशव्या फळीवर ठेवल्या. खाली उतरायची वेळ झाली, कंडक्टरने घंटी दिली. तो उतरला नाही.

"अरे, बस सुटली!"

"पुढच्या थांब्यापर्यंत येतो."

"तो पाऊण तासावर आहे. मग परत कसा जाशील?"

"जाईन."

"बरं, बस तरी इथे. ही सरकेल जरा." लेक सरकली.

"नको," तो म्हणाला. "बसलो की झोपेन."

त्याने वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला, पाय फाकवून रोवले. बस वळली की कंबरेतून कळ जायची. तो आक्काकडे वाकला आणि म्हणाला, "हं, आता सांग. गुडघ्यांना कुठलं औषध चालू आहे?"

आणि ती सांगू लागली.