काकवीच्या बरणीतली कॉफी

मी पिते. महिन्यातून एखाद्या शनिवारी, नवऱ्यासोबत, एक ग्लास. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी.

प्यायचं ते असं: कडक कॉफी, गूळ आणि रम. कॉफीची तयार दारू बाटलीत मिळते, पण ती जिभेला नुसती साखर लागते. माझी आजवरची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये झाली, त्यामुळं गोडातलं मला कळतं. म्हणून मी घरीच करते. फिल्टरमधनं उतरवलेल्या गरम काळ्या कॉफीत चिरलेला गूळ विरघळवायचा, पुरतं गार झाल्यावर रम घालायची आणि पंधरा दिवस बरणी अंधारात ठेवायची. मुरलं की ते दाट आणि काळपट तांबडं होतं. प्यायच्या वेळी त्यात ताजी कॉफी, थोडी आणखी रम आणि बर्फ घालायचा आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात हात भरून येईस्तोवर हलवायचं. वर बोटभर फेस येतो. तो आला की मला बी.एस्सी. झाल्याचं सार्थक वाटतं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं, तेव्हा एवढी ऐट चालवून घ्या.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, यातलं काही माहीत नव्हतं. ते उचगावला राहतात, आयुष्य फौंड्रीत गेलं. गेल्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि डोळ्यात औषध घालायला माणूस हवं म्हणून आठ दिवस ते आमच्या कळंब्याच्या घरी आले. म्हैस सोडून आई काही आली नाही.

आबा एके काळी खूप प्यायचे. पण माणूस खोटा नव्हता. दर रविवारी विहारात वंदना व्हायची. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, अशी पंचशीलातली पहिली चार शीलं आबा खणखणीत म्हणायचे. पाचवं दारूचं. तिथं आले की गप्प बसायचे. सगळ्या विहाराला ठाऊक होतं. "गिळलं बघ पाचवं," म्हणून मागं बाया हसायच्या आणि मी फरशीकडं बघत बसायची. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "जे पाळत न्हाय ते बुद्धापुढं कसं म्हणू? चार म्हणतोय की."

कॉलेजात माझं नाव लागलं त्या रविवारी मी त्यांच्या मागंच बसले होते. चौथं शील झालं, मी सवयीनं मान खाली घातली, आणि आबांचा आवाज आला. पाचवं शील, सगळ्या विहारापेक्षा मोठ्यानं. त्या दिवसापासून त्यांनी थेंबही घेतला नाही. ऑपरेशनच्या वेळी त्याला बावीस वर्षं झाली होती. मी पदवीधर झाले तेव्हा गल्लीनं पेढे मागितले. त्यांच्या पाचव्या शीलाचे पेढे कुणी मागितले नाहीत.

असा माणूस राहायला येणार म्हटल्यावर मी काय करावं? रमची बाटली कपाटात साड्यांमागं सारली, आणि मुरत असलेलं सगळं काकवीच्या रिकाम्या बरणीत ओतून काकवीच्या जागेवर ठेवलं. काकवी म्हणजे गूळ व्हायच्या आधीचा उसाचा दाट पाक, आम्ही चपातीशी खातो. रंग तोच, दाटपणाही जवळपास तोच. कुणाला कळायचं नाही, म्हणून स्वतःवरच खूश झाले.

चौथ्या दिवशी सकाळी आंघोळ करून आले तर आबा काळा चष्मा लावून स्वयंपाकघरात बसलेले. ताटात चपाती, वाटीत काकवी. तुकडा बुडवून तोंडाकडं निघालेला.

"आबा! खाऊ नका ते!"

हात थांबला. डोळ्यांना न दिसलेलं नाकाला कळलं.

"ही काकवी न्हाय."

"नाही."

"रम हाय."

ऑफिसला निघालेला माझा नवरा दारात येऊन पटकन म्हणाला, "मामा, ती माझी हाय."

"तुमी गप बसा, पावणं. हिला इचारतोय."

"आमच्या दोघांची आहे, आबा. मीच करते."

त्यांनी तुकडा वाटीत टाकला, उठून साबणानं हात धुतले, मग परत एकदा धुतले.

"काकवीच्या बरणीत का घातलीस?"

"तुम्हाला दिसू नये म्हणून."

"अगं, बाटलीत असती तर हात लावला असता व्हय मी? नाक्यावर दुकान हाय, रोज त्याच्या म्होरनं जातोय. बावीस वर्सं बाटलीनं मला पाडलं न्हाय. तू काकवीत घालून पाडत हुतीस. हेच शिकलीस व्हय कॉलेजात?"

मी वाटी उचलून सिंकमध्ये रिकामी केली.

दिवसभरात मान मागं टाकून औषध घालून घेतलं, तेवढंच. ओठाला काही लागलं नव्हतं, पण लागल्यासारखंच आहे असं त्यांनी मनात धरलं तर? संध्याकाळी घरातल्या वंदनेला पुन्हा चारच म्हणून थांबले तर? माझ्या कॉलेजसाठी उघडलेलं तोंड माझ्याच हुशारीनं बंद व्हायचं.

दिवेलागणीला घरातल्या बुद्धमूर्तीपुढं उदबत्ती लावून आबा आणि मी बसलो. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. आणि आबांनी पाचवं म्हटलं, त्या रविवारसारखंच, खणखणीत.

एकट्यांनीच म्हटलं. माझं तोंड उघडलं नाही. इतकी वर्षं मी शनिवारी पीत आणि रविवारी पाचव्या शीलात सूर मिसळत आले होते. त्यांच्याशेजारी बसून त्या दिवशी ते जमलं नाही.

वंदना झाल्यावर ते म्हणाले, "चारच म्हणलीस."

"व्हय."

"बरं केलंस. खोटं नगं. आन् ती बरणी बदल. वर चिठ्ठी लाव, माझ्या डोळ्याला दिसंल अशी."

मी कागदावर जाड अक्षरात 'रम' लिहून चिकटवलं. पाचवं शील मी अजून म्हणत नाही. म्हणेन तेव्हा कसं म्हणायचं ते त्यांच्या मागं बसून ऐकलेलं आहे. बापाकडनं मला पुष्कळ मिळालं, पण ही गप्प बसायची मुभा मला सगळ्यात मोठी वाटते.

महिन्याभरानं डोळा बरा झाल्यावर एका शनिवारी आबा दूध घेऊन आले. मी आणि नवरा डबा काढूनच बसलो होतो. साड्यांमागं काही सारलं नाही.

"मलाबी दे की," आबा म्हणाले, "बिनरमची. आन् आण तो डबा हिकडं."

डबा आधी गरम पाण्यानं स्वच्छ धुऊन त्यात नुसती कॉफी, गूळ आणि बर्फ घालून दिला. त्यांनी तो फौंड्रीतल्या हातानं असा हलवला की शेजारीण बघायला आली. झाकण काढलं तर फेस दोन बोटं, माझ्यापेक्षा दाट.

मिशीला लागलेला फेस पुसत आबा म्हणाले, "बघ. आन् मी सातवी नापास."