पार्बताबाईंची घरपाहणी

सोयरीक करायची तर मुलीकडच्यांनी आधी मुलाचं घर पाहून यायचं, ही आपल्याकडची रीत. विहिरीला पाणी आहे, गोठ्यात ढोरं आहेत, एवढं पाहून इतर लोक चहा पिऊन उठतात. अंजनगाव सुर्जीच्या पार्बताबाई मात्र उठायच्या त्या थेट न्हाणीघरात शिरायच्या.

लेक शकुन मॅट्रिक झाली आणि बाईंना जणू परवानाच मिळाला. साठ-एकसष्टचा तो काळ. अमरावतीत नव्या पद्धतीचा बंगला उठला आणि त्यात लग्नाचा मुलगा असला, की बाई नवऱ्याला घेऊन हजर. गोल गच्ची, मोझाइकची फरशी, तिरप्या पायांच्या खुर्च्या, सगळं हात लावून पाहायच्या. मग घरी येऊन कुठंतरी खोट काढायच्या. ट्यूबलाइट मिचमिचते म्हणून एक चांगला ओव्हरसिअर त्यांनी हातचा घालवला. यजमान उत्तमराव भाजीचा मळा सांभाळणारे, शांत गृहस्थ. बायकोच्या हट्टापायी त्यांनी घरच्या बाजेला तिरपे पाय बसवून घेतले आणि पहिल्याच दुपारी बाजेसकट खाली आले. शकुन मात्र एकेका मैत्रिणीच्या लग्नात अक्षता टाकत होती, आणि तिला आता या गमतीचं हसू येत नव्हतं.

शेवटी अकोल्याला सूर्यभान नावाच्या मुलाचं घर पाहिलं आणि पार्बताबाई विरघळल्याच. हिरवा सोफा, काचेचं शोकेस, कोपऱ्यात झालरीचा उंच दिवा. खोट म्हणून सापडेना. तिथंच होकार देऊन टाकला.

घरी येताच शकुननं हळूच विचारलं, "आई, पोरगा कसा हाये?"

"हिरव्या सोफ्यावर बसला होता. काय मऊ सोफा वं माय!"

"सोफ्याचं नाई इचारून राह्यली मी."

बाई आठवू लागल्या. सोफ्याची शिवण आठवली, दिव्याची झालर आठवली. चेहरा काही केल्या आठवेना. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"मले काहून पाह्यतं? मले तं तू गच्चीवर धाडलं होतं," उत्तमराव म्हणाले.

शकुन न जेवता उठून गेली. बाईंनी तिचं ताट झाकून ठेवलं. पोटची पोर, आणि आपण तिला सोफ्याला देऊन बसलो!

दुसऱ्या दिवशी पहिली एस.टी. धरून, अकोटला गाडी बदलून त्या एकट्याच अकोल्याला गेल्या. दार सूर्यभाननंच उघडलं. आत सोफा नव्हता, शोकेस नव्हतं, दिवाही नव्हता. उघड्या फरशीवर एक सतरंजी आणि ताटात भाकर.

मुलाचे कान लालभडक झाले. "मामी, ते सामान शेजारच्या वकिलायचं होतं. बाबाचा सारा पैसा फरशीतच सरला. मांगून आणू नका म्हनलं होतं मी, पर आयकते कोन? तुमी आता नाई म्हनलं तरी चालते."

त्या हिरव्या सोफ्यासाठी बाईंचा जीव एकदा कळवळला, खोटं कशाला बोला. मग त्या सतरंजीवर टेकल्या.

"जेव तू," म्हणाल्या, आणि त्याच्याकडे पाहत राहिल्या. त्यानं अर्धी भाकर मोडून त्यांच्यापुढं ठेवली.

संध्याकाळी घरी आल्यावर त्या शकुनला जवळ बसवून सांगू लागल्या. "रंगानं सावळा हाये. हासला का उजव्या गालाले खळी पडते. ताट सोता धुतो. अन् लपवालपवी जमतच नाई त्याले, लगेच कान लाल होतात."

शकुन मान खाली घालून हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

"अन् घर?" उत्तमरावांनी विचारलं. "आज तं निवांत पाह्यलं असन?"

पार्बताबाईंनी चुलीत लाकूड सारलं.

"घर पाह्याचं राहूनच गेलं," त्या म्हणाल्या.