एक गैरहजेरी, तीन कबुलीजबाब

खून-दरोड्यांचे कितीतरी तपास माझ्या हातून झाले, त्यातले बरेच विसरलो. सातवीतल्या एका मुलीच्या शाळेचा अर्ज मात्र अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे.

मी तेव्हा नांदुऱ्याकडच्या एका ठाण्यात बीट जमादार होतो. भरती शिपाई म्हणून, पण बी.ए. पास. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. हे मी तेव्हाही सांगायचो, आजही सांगतो. त्यामुळं मुख्याध्यापकांचा अर्ज ठाणेदारांनी चौकशीसाठी माझ्याकडं दिला, तेव्हा तो वाचतानाच माझं डोकं तापलं. मुलगी हुशार, दोन महिने गैरहजर, तीन निरोप धाडले, आईबाप शाळेकडं फिरकत नाहीत. सबब बापावर गुन्हा दाखल व्हावा.

मूल शाळेत पाठवणं हे पालकाचं कर्तव्य आहे असं कायदा म्हणतो, पण नुसत्या गैरहजेरीवरून बापाला आत टाकता येत नाही. शाळा बुडवून लेकराला कामाला जुंपलं असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणजे पोरगी दिवसभर असते कुठं, एवढंच मला शोधायचं होतं.

ते गावच्या पोलीस पाटलानं फोनवरच सांगून टाकलं. "मायसंग शेडनेटमंदी असते ना, जमादार साहेब. मिरचीच्या क्रॉसिंगले."

हे काम मूळचं आमच्या जिल्ह्यातल्या घाटावरचं, आता घाटाखालीही आलं आहे. बियाण्याच्या कंपनीसाठी जाळीच्या मांडवात मिरचीची एकेक कळी चिमट्यानं उघडून तिच्यातले नर, म्हणजे पुंकेसर, काढायचे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाणाचे परागकण लावायचे. एक नर राहिला तरी बी भेसळीचं, सगळा प्लॉट नापास.

बापाला ठाण्यात बोलावलं आणि अर्धा तास सुनावलं. शिक्षण म्हणजे काय, मी कसा शिकलो, सगळं. तो हातात टोपी धरून उभा. माझं संपल्यावर म्हणाला, "म्याच जाऊ देत नाही तिले. लिवा माह्या नावानं."

खरं तर तिथंच तपास संपला असता. पण दोषी माणूस आधी 'मी तिथं नव्हतोच' म्हणतो, मग दुसऱ्याचं नाव घेतो. पहिल्याच झटक्यात कबूल होणारा बहुतेक कोणाला तरी पाठीशी घालत असतो.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत, महिला शिपायाला सोबत घेऊन शेतावर गेलो. आई सामोरी आली. "त्यायले काऊन बोलावलं ठाण्यात? पोरीले मी ठेवून घेतलं." मुलीला महिला शिपायानं बाजूला घेऊन विचारलं, तर ती म्हणे, मी सवताच जात नाही, मले शाळा आवडत नाही. आणि तिच्या जेवणाच्या पिशवीत भाकरीखाली गणिताचं पुस्तक.

उभ्या नोकरीत मी गुन्हा एकमेकांवर ढकलणारे पाहिले. इथं तिघं तो आपल्याकडं ओढत होते.

मी आईला म्हटलं, काम कसं करतात ते जरा दाखवा. तिनं चिमटा घेतला. कळी हातभर लांब धरली, मान मागं घेतली, डोळे बारीक केले, आणि कळीच फाटली. मुलगी पुढं झाली, तिनं चिमटा काढून घेतला.

"मायले दिसत नाही," ती म्हणाली. "कोणाले सांगू नका."

आई तिथंच खाली बसली. तिच्या आईची नजर तरुणपणीच गेली होती. आपलंही तेच सुरू झालं, अशी धास्ती तिनं घेतलेली. नवऱ्यालाही बोलली नव्हती. त्याला वाटे, बायकोला जोडीला पोरगी हवी. म्हणून त्यानं आळ स्वतःवर घेतला.

मी वय विचारलं. म्हणाली, असन चाळीसेक. पलीकडच्या बांधावर कोण आहे, विचारलं. तिनं माणसाचं नाव सांगितलं, त्याच्या बैलाचंही सांगितलं. मी खिशातला माझा जवळचं बघायचा चष्मा काढून तिच्या हातात दिला. तो लावून तिनं नवी कळी घेतली आणि सगळे नर एकेक करून नीट वेचले. मग चष्म्यातूनच लेकीकडं पाहत म्हणाली, "काय वं, इतकं बारीक काम करत होती तू इतके दिवस?"

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी डोळे तपासले. चाळिशी, बाकी काही नाही. चष्मा मिळाला आणि सोमवारी मुलगी शाळेत होती.

अर्ज निकाली काढला. मुख्याध्यापक भला माणूस, म्हणाले, "निरोप तीन धाडले हो, पण घरी एकदाही गेलो नाही." त्यांच्या पिशवीत असेच आणखी चार अर्ज होते. ते तसेच परत नेले, मोटारसायकलनं चारही घरं फिरले आणि आठवड्यानं दोनच घेऊन आले. त्या दोन बापांना मी ठाण्यात बोलावलं, आणि तिथं आवाज मुळीच खाली ठेवला नाही. आईबापाला जाब विचारलाच पाहिजे, असं मी आजही मानतो.

पण तो विचारायला घरी जावं लागतं, हे मला त्या शेडनेटमध्ये कळलं. अडाणी माणसाला शाळेची किंमत नसते, असं मी पदवी मिळाल्यापासून धरून चाललो होतो. माझे स्वतःचे आईबाप अंगठेबहाद्दर, आणि मला शाळेत त्यांनीच धाडलं होतं. त्या बापाला अर्धा तास सुनावताना मला हे एकदाही आठवलं नाही.