पांढऱ्या पँटीचा रंगारी

गल्लीत त्याला सगळे पांढरपेशा म्हणत. खुर्चीवर बसून कागद चिवडणाऱ्यांतला तो मुळीच नव्हता. गाड्यांच्या चामडी सीटा रंगवणं हा त्याचा धंदा, आणि नखं कायम तपकिरी नाहीतर काळी. पण गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायच्या दिवशी हा गृहस्थ पांढरीशुभ्र पँट चढवून येई, बसायच्या जागी ती पाण्याने भिजवी आणि भर उन्हात, बंद गाडीत, एकेका सीटवर बसून राही. मग उतरून समोरच्या पंक्चरवाल्याकडे पाठ करून विचारी, "बघा बरं, काही लागलंय का?"

"डाग नाही," पंक्चरवाला हातातलं काम न सोडता सांगे, "पण डोक्यावर परिणाम झालेला दिसतोय."

लोक हसत, तोही हसे. हे वेड कुठून आलं ते मात्र त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

धंद्यात नवा असताना त्याने साडूच्या गाडीच्या सीटा हौसेने मरून रंगाच्या करून दिल्या होत्या. स्पिरिटमध्ये कालवलेला रंग चामड्यात असा काही मुरला की नजर हटेना. साडूची बायको म्हणजे याच्या बायकोची थोरली बहीण, शाळेत मुख्याध्यापिका. त्याच सुमारास तिचा सत्कार होता. मोतिया रंगाचा नवा पोशाख घालून ती त्या गाडीतून गेली, वाटेत घामाघूम झाली, आणि स्टेजवर पाठमोरी झाली तशी हॉलभर कुजबुज सुरू झाली. पोशाखावर मागे मरून डाग पसरला होता. लोकांना जे वाटायचं ते वाटलं. पुढच्या रांगेत तिच्याच शाळेची मुलं बसली होती.

तो माफी मागायला गेला तेव्हा ती "असू दे" एवढंच म्हणाली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. त्यानंतरही ती बहिणीकडे येई, चहा घेई, गप्पा मारी, पण बसण्याआधी पिशवीतून एक जुना टॉवेल काढून खुर्चीवर अंथरी. खुर्ची साधी लाकडी असली तरीही. त्याबद्दल कधी चकार शब्द नाही. तो टॉवेल दिसला की हा चहा अर्धा टाकून उठे, आणि बायको बिचारी दोघांच्या कात्रीत सापडे.

आणि एक दिवस साडू तीच गाडी घेऊन दारात उभा. "सीटांचा रंग पार उडालाय. मी म्हटलं दुसरीकडे टाकू, तर हीच म्हणाली, भावोजींकडेच द्या. रंग मात्र पहिल्यासारखाच हवाय तिला."



मागच्या सीटच्या खाली, कुणाला न दिसणाऱ्या जागी, त्याने दोन पट्टे ओढले. एक जुन्याच स्पिरिटच्या रंगाचा, वरून पारदर्शक कोट. दुसरा पाण्यात कालवायच्या रंगाचा, जो आत न मुरता वर पातळ साय धरतो, आणि त्यावरही तोच कोट. वाळल्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पांढऱ्या फडक्यांनी दोन्ही पट्टे घासघासून घासले. घाम म्हणजे शेवटी मिठाचं पाणीच. दुसऱ्याचं फडकं कोरं राहिलं. पहिल्याच्या फडक्यावर उजेडात धरलं तरच दिसेल अशी गुलाबी झाक आली. पण दिसायला पहिला तो पहिलाच. दुसरा त्याच्याशेजारी मळका वाटत होता.

बायको डबा घेऊन आली. तिने लगेच पहिल्यावर बोट ठेवलं. "हाच द्या. तो दुसरा दिलात तर ताई म्हणेल, इतक्या वर्षांत काही शिकले नाहीत."

"आणि हा लागला तर?"

"एवढासा तर लागतोय. कोण बसतंय घासत?"

"घाम घासतो," तो म्हणाला. "मागे तिला खूश करायला गेलो होतो. आता तिच्या कपड्याला काही होऊ नये, एवढंच बघायचंय मला."

त्याने दुसरा घेतला. फडकं कोरं येईपर्यंत मुरलेला जुना रंग काढला, भेगा भरल्या, पातळ पातळ हात दिले.

ताब्यात द्यायच्या दिवशी साडूऐवजी मेहुणी स्वतःच आली, तीही ठरल्या वेळेआधी. फिकट कपडे, खांद्याला पिशवी. हा ओल्या पँटीत, घामाने निथळत, आपल्या कामावर बसलेला.

"थांबा बाई," पंक्चरवाला म्हणाला, "ते अजून शिजताहेत. दर गाडीला असंच करतात. पांढरी पँट ठरलेली."

"दर गाडीला?" तिने विचारलं.

"वर्षानुवर्षं बघतोय."

तो ओशाळून उतरला. ती शाळेत बोलावं तशी म्हणाली, "वळा बघू."

तो भर रस्त्यात तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. आपण असे कुणाच्या नजरेसमोर पाठमोरे उभे आहोत, हे त्याला फार जड गेलं.

"रंग मळका झालाय सीटांचा," ती म्हणाली.

"हो. पण लागणार नाही."

तिने पिशवीतून टॉवेल काढला. त्याने मान खाली घातली.

"हा घ्या," ती म्हणाली, "कमरेला गुंडाळा आणि घरी जा. मागून सगळी पँट ओली दिसतेय. लोकांना काय, काहीही वाटतं."

टॉवेल त्याच्या हातात देऊन ती तशीच सीटवर बसली आणि दार ओढून घेतलं.