कारभारी वकिलांची तारीख

गारखेड्यात कारभारी वकिलांचं ऑफिस वरच्या मजल्यावर आणि डॉक्टर मुनिराबाईंचा दवाखाना खाली. पण वकीलसाहेब वर क्वचितच सापडत. म्हाताऱ्या पक्षकारांना जिना चढवत नाही, म्हणून ते स्वतःच खाली दवाखान्याच्या बाकावरच येऊन बसत. नवे पेशंट त्यांना जुनाट दुखण्याचा माणूस समजून हळहळत, आणि तेही भिडेखातर दोनदा खोकून दाखवत.

कोर्टात त्यांची ख्याती एकाच कामाची: पुढची तारीख मिळवणं. आपलं लग्नही त्यांनी दोनदा पुढं ढकललं होतं, असं त्यांची बायको अजून सांगते. मात्र एक नियम त्यांनी कधी पुढं ढकलला नाही. म्हातारा पक्षकार आला की आधी मुनिराबाईंनी त्याला तपासायचं, मग वकीलपत्रावर अंगठा.

सरूबाई अशाच आल्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, दोन खोल्यांचं घर तेवढं नावावर. पुतण्या पुंजारामनं कोर्टात अर्ज टाकला होता, की काकूला भ्रम झालाय, घरासकट तिचा कारभार माझ्याकडं द्यावा. सुनावणी दुसऱ्याच दिवशी होती, आणि पंचाईत अशी की पुतण्याचं म्हणणं खरं वाटत होतं. बाई वकिलांना आपला मेलेला दीर समजल्या आणि शेळी कुठं बांधली म्हणून रागावल्या. वकिलांनी नम्रपणे सांगितलं, "गोठ्यात."

मुनिराबाईंनी खाण्यापिण्याचं विचारलं. सोबत आलेल्या शेजारीण चतुराबाईंनी कौतुकानं सांगितलं, की ब्लडप्रेशरसाठी याच डॉक्टरीणबाईंनी मीठ कमी करायला सांगितल्यापासून सरूबाईंनी ते सोडलंच होतं. काशीला जाऊन वांगं सोडतात तसं, कायमचं. लघवीची गोळी मात्र नेमानं चालू होती.

मुनिराबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी लगेच रक्त तपासायला पाठवलं, आणि संध्याकाळी रिपोर्ट हातात घेऊन त्या बाकाशी आल्या.

"भ्रम नाही हा, कारभारीभाऊ. खाण्यात मीठ नाही आणि वर लघवीची गोळी, त्यानं रक्तातलं मीठ उतरलंय. मी नीट समजावून सांगायला हवं होतं. बाई भानावर येतील, पण हे हळूहळूच चढवावं लागतं. मला थोडे दिवस पाहिजेत."

"आपा," वकील म्हणाले, "तारीख कुणी माझ्याकडं मागतंय, हे पहिल्यांदाच घडतंय."

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी सवयीनं उसासा टाकून आजचं कारण विचारलं. "मीठ, साहेब," वकील म्हणाले आणि चक्क अडखळले. खरं कारण सांगायची सवय नव्हती. त्यांनी मुनिराबाईंचं सर्टिफिकेट पुढं ठेवलं आणि तारीख मिळाली.

त्या तारखेला सरूबाई इस्त्रीच्या लुगड्यात उभ्या राहिल्या. नाव, नवऱ्याचं नाव, घराच्या चारी बाजूंना कोण राहतं, सगळं घडाघडा सांगितलं. पुतण्याबद्दल विचारल्यावर त्यांनी पुंजारामकडं पाहिलं.

"पोरगं वाईट नाय, साहेब. पर मी हाय तवर घर माझं. त्यानं यावं, चहा पिऊन जावं."

पुंजारामनं मान खाली घातली. अर्ज फेटाळला गेला.

बाहेर आल्यावर मुनिराबाईंनी सरूबाईंचा हात धरला. सरूबाईंनी मात्र वकिलांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मी तुमाला शेळीचं इचारलं व्हतं म्हणं?"

"व्हय, आजी."

"आन तुमी गोठ्यात म्हणलात?"

"व्हय."

"आमाला गोठा नव्हता," सरूबाई म्हणाल्या.