बठा की बठ्ठा?

दगाभाऊ दारात उभे राहिले, की मी आधी त्यांच्या हातांकडे बघते. ते धुळे–जळगाव गाडीवरचे कंडक्टर, आणि देवपूरहून आमच्या वहिनीनं धाडलेला डबा त्यांच्याच हातून मेहरूणला माझ्या घरी यायचा. कधी ज्वारीच्या पापडांची, म्हणजे बिबड्यांची, चळत, कधी कैरीचं लोणचं, कधी नुसताच मिरचीचा ठेचा, वर फडकं बांधलेलं. त्या दिवशी ते भरदुपारी खाकी गणवेशातच आले. मी सवयीनं हात पुढे केला आणि त्यांचे दोन्ही हात रिकामे होते. "ताई, अक्का गयी," ते म्हणाले. वहिनीला सगळे अक्काच म्हणत. मी खुळ्यासारखं विचारलं, "कुठे गेली?" दगाभाऊ उंबऱ्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "चला, गाडी उभी शे..."

याला आता दीडेक महिना होईल. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. भेटायला येणारे लोक मला सांगतात, वहिनी फार सोशिक होती, शांत होती. मी मान हलवते, पण मला ते पटत नाही. ती शांत मुळीच नव्हती. बोलायची कमी, हे खरं. पण आमच्या घरात तिला हवं तेच होत आलं, आणि ते कसं झालं हे आमच्याही उशिराच ध्यानात आलं. म्हणून तिच्याबद्दल लिहायचं तर नीट लिहावं, उगाच हळद-कुंकू वाहू नये, असं मी ठरवलं आहे.

सत्तेचाळीसच्या वैशाखात नानाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, लग्न झालं आणि शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातून ती आमच्या घरी आली. देश त्याच वर्षी स्वतंत्र झाला. आमच्या स्वयंपाकघराला मात्र थोडा वेळ लागला. कारण आमचे वडील, आबा. आबा मराठीचे शिक्षक, आणि आमच्या घरात शुद्ध तुपापेक्षा शुद्ध भाषेला मान जास्त. कुणी 'पानी' म्हटलं तर 'पाणी' म्हणेपर्यंत तांब्या मिळत नसे. खरी गंमत अशी, की आबांची स्वतःची आई जन्मभर अहिराणीच बोलली. तिच्या मांडीवर आबा दुसरं काय बोलले असतील? पण मास्तर झाले आणि दारात वहाणा काढाव्यात तशी ती बोली त्यांनी घराबाहेर काढून ठेवली. आता सूनच ती पुन्हा घरात घेऊन आली होती. "आबा, चहा ठेयेल शे," ती म्हणायची. "शे नव्हे, आहे," आबा म्हणायचे. "बरं," ती म्हणायची, आणि आत जाऊन मला सांगायची, "ताई, आबासना चहा ठंडा व्हई राह्यना शे."

दर रविवारी आमच्याकडे गाण्याची बैठक असे. नाना पेटी वाजवायचा, कोपऱ्यात तंबोरा असायचा, तबल्याला कुणीतरी मिळायचंच, आणि धुळ्यातल्या गाणाऱ्यांना बोलावलं जायचं. दुपारी चारला सुरू झालेली बैठक दिवेलागणीला भैरवीनं संपे. ऐकायला शेजारपाजारचे, बाजारातले, गाडीवरून उतरून तसेच आलेले दगाभाऊंसारखे बरेच लोक यायचे. त्यांना सुपारी मिळे आणि मग ते आपापल्या घरी जात. गाणाऱ्याला मात्र जेवण. ही आबांची रीत, आणि रेशनच्या त्या दिवसांत तिला कुणी नावं ठेवली नसती. वहिनीला ती पहिल्या रविवारपासून खटकली. "गानं आयकं का मानूसले भूक लागस," ती मला म्हणाली, "आनि हाई लोके सुपारी खाईसन जातस." मी म्हटलं, गाण्यानं मन भरतं. ती म्हणाली, "मन भरस त पोट काब भरत नही?"

ती स्वतः गायची, पण चुलीपाशी. जात्यावर, पाट्यावर, आणि सगळ्यात छान खापरावर. आमच्याकडचे मांडे ज्यांनी केलेले बघितले नसतील त्यांना सांगते: पुरण भरलेला तलम कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत मोठा करायचा, कोपरापर्यंत येईल एवढा, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद पसरायचा. मधे थांबलं की फाटतो. वहिनीचं गाणं त्या हातांबरोबर चालायचं, मांडा खापरावर पडला की ओळ संपायची. माजघराच्या पलीकडे मात्र तो आवाज जात नसे. बैठकीतलं गाणं वेगळं आणि चुलीपुढचं वेगळं, अशी आमच्या घरची वाटणी होती.

मग तो रविवार आला. एकोणपन्नास सालची दिवाळी नुकतीच झाली होती. आबांचे एक जुने स्नेही, बाहेरगावचे नामांकित बुवा, गायला येणार होते. त्यांच्यासाठी मांडे, आटवलेलं दूध, वांग्याचं भरीत असा बेत. पानं चार: बुवा, त्यांचे तबलजी, आबा आणि नाना. आबांनी सकाळीच वहिनीला बजावलं, "भैरवी झाली की दारात येऊन पाहुण्यांना म्हणायचं, 'बसावं जेवायला.' बठा म्हणू नकोस. मोठा माणूस आहे." दिवसभर ती मांड्यांच्या तालावर घोकत होती, "बसावं जेवायला, बसावं जेवायला..." मी तर हसून बेजार झाले.

इथे एक सांगायला हवं. अहिराणीत 'बठा' म्हणजे बसा. आणि 'बठ्ठा' म्हणजे सगळे. दोहोंत फरक एका अर्ध्या अक्षराचा.

भैरवी संपली. ऐकणारे उठायला लागले होते, कुणाचा एक पाय चपलेतही गेला होता. तेवढ्यात वहिनी आतल्या दारात आली. डोक्यावर पदर, कोपरापर्यंत पीठ. तिनं एकदा सगळ्या खोलीवरून नजर फिरवली आणि म्हणाली... आता तिथेच तर घोडं अडलं आहे. आबांच्या मते ती म्हणाली, "चला, बठा जेवाले." सकाळपासूनचं घोकलेलं विसरून जिभेवर होतं ते आलं, एवढाच दोष. पण दगाभाऊंनी चपलेतला पाय बाहेर काढला आणि भिंतीला टेकून मांडी घातली. शेजारच्यानं खुणेनं विचारलं तर म्हणाले, "अक्का सांगी राह्यनी ना, बठ्ठा जेवाले. मंग आपन नही म्हननारा कोन?" झालं. एक बसला, दोन बसले, खोलीच्या खोली पुन्हा बसली. आबांचा चेहरा मला अजून दिसतो. नाना पेटीचा भाता लावण्यात एकदम गुंग झाला.

तिला अजून सावरता आलं असतं. एक शब्द बोलली असती तर लोक हसत हसत घरी गेले असते. ती सरळ आत वळली. मी मागोमाग धावले. "वहिनी, पानं चार आहेत गं." "ताई, आते बोलू नको," ती म्हणाली, "तांदूय धू." तांदूळ ते कितीसे असणार? तिनं डब्यातल्या होत्या नव्हत्या त्या ज्वारीच्या कण्या परातीत ओतल्या, तुरीची डाळ घातली, मुठीमुठीनं शेंगदाणे, लसूण. मोठा गंज चुलीवर चढवला. शेजारणीकडे पापड भाजायला धाडले. तोवर आबा आत आले. आबा स्वयंपाकघरात कधी येत नसत. "काय म्हणालीस तू मघाशी?" त्यांनी विचारलं. तिनं डाव हलवता हलवताच उत्तर दिलं. "आबा, खिचडीले वखत लागी. तवलोंग बुवासले आखो एक गानं म्हनाले सांगा." तोवर आणखी एक गाणं? आबा हादरलेच. "अगं, भैरवीनंतर? भैरवीनंतर गाणं नसतं." "भूक त लागेल शे ना," ती म्हणाली. "मंग व्हई जाऊ द्या."

आबा बाहेर जाऊन बुवांच्या कानाशी लागले. बुवा मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "खिचडीसाठी भैरवी मोडायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली, मोडू या." तंबोरा पुन्हा उचलला आणि सगळ्यांना धरता येईल असं साधं भजन धरलं. भुकेल्या लोकांनी असा काही सूर लावला, की आत गंजावरचं झाकणसुद्धा... असो. आणि डाव हलवता हलवता वहिनीही गाऊ लागली. खापरावर गायची तशीच, मोकळी. माजघर ओलांडून तो आवाज पहिल्यांदा बैठकीत गेला. मी दारातून बघितलं. आबा मान खाली घालून ऐकत होते.

त्या दिवशी मांड्यांचे तुकडे सगळ्यांच्या पानांत पडले. बुवांनी खिचडीवर कच्चं तेल स्वतः मागून घेतलं, पापड चुरला आणि दोनदा वाढून घेतलं. पुढे आबा सगळ्यांना सांगत, "सुनेच्या उच्चारदोषानं घोटाळा झाला." पण पुढच्या रविवारी भैरवी झाली आणि कुणी चपलांकडे बघितलंच नाही. वहिनी दारात आली, तेच बोलली, आणि सगळे जेवून गेले. मग ती आमच्याकडची रीतच झाली. आबा तिचं 'शे' अगदी ती जाईपर्यंत दुरुस्त करत राहिले. पण दर शनिवारी माजघराच्या दाराशी येऊन खाकरायचे आणि विचारायचे, "उद्या बैठक आहे. कण्या आहेत ना?"

माझ्यासाठी तिनं काय केलं तेही सांगते. जळगावच्या शाळेत मला नोकरी मिळाली तेव्हा घरात चार दिवस वाद चालला. बाईमाणूस एकटी राहणार कशी, खाणार काय, असं सगळं. वहिनी दाराआडून एकदाच बोलली, "आबा, ताई तठे एकली जेवी त काय व्हयनं? मी डबा धाडसू." जसा काही तेवढाच प्रश्न होता. आणि खरंच, ती असं म्हणाल्यावर दुसरा प्रश्न कुणाला सुचला नाही. आज मी स्वतःच्या पायांवर उभी आहे ती तिच्या त्या डब्यामुळे. तिला हे मी कधी सांगितलं नाही; सांगितलं असतं तर तिनं विषय बदलला असता.

मी तिला कितीदा विचारलं असेल, वहिनी, खरं सांग, त्या दिवशी तू काय म्हणालीस, बठा की बठ्ठा? हात कामात ठेवूनच ती म्हणायची, "तुले काय करनं शे, ताई? जेवनात ना बठ्ठा?" कधी हसायची, कधी तेही नाही. दगाभाऊ छातीवर हात ठेवून सांगतात, बठ्ठा. आबा म्हणत आले, बठा. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते आणि मला ठाऊक नाही.

परवाच्या रविवारी नानानं बैठक ठेवली. महिन्याचं श्राद्ध झाल्यावर तो मला म्हणाला होता, "इंदू, ही शेवटची. पेटी कुणीही वाजवतं गं. बैठक तिची होती. एकदा वाजवतो आणि गवसणी घालून ठेवतो." मी त्याची समजूत घातली नाही. मलाही तसंच वाटत होतं. लोक आले, नेहमीपेक्षा जास्तच आले. गाणं झालं, भैरवी झाली. आणि सगळ्यांचे डोळे आतल्या दाराकडे गेले. दार उघडं होतं, तिथे कुणी नव्हतं. कुणी उठेना. मला वाटलं, आपण उठावं, म्हणावं तो शब्द. पण मी जागची उठले नाही... मग दगाभाऊंनी हळूच चपलेसाठी हात लांबवला. नाना पेटी झाकायला गवसणी शोधू लागला.

"चला, बठ्ठा जेवाले."

आबा बोलले होते. खुर्चीत ताठ बसून, ऐंशीला टेकलेले आमचे आबा. आणि ठ्ठ असा, की वर्गातल्या शेवटच्या बाकावर ऐकू जावा. जोडाक्षर सगळंच्या सगळं. काही संशय राहू दिला नाही त्यांनी. दगाभाऊंचा लांबवलेला हात तसाच राहिला आणि त्यांचे डोळे भरून आले.

मी आत पळाले. चूल थंड, काही केलेलं नाही, काही ठरलेलं नाही. कण्यांचा डबा रिकामाच असणार म्हणून उचलायला गेले तर उचलेना. झाकण काढलं. काठोकाठ भरलेला होता. बाजूला तांदूळ, तुरीची डाळ, शेंगदाणे, निवडलेला लसूण. शेजारीण दारात येऊन म्हणाली, आबांनी काल माणूस पाठवून सगळं आणवलं. मी गंज खाली काढला. बाहेर आबांचा आवाज आला, आणि तो आबांचाच आहे यावर विश्वास बसायला मला जरा वेळ लागला.

"नाना, ती गवसणी ठेव खाले. खिचडीले वखत लागी. तवलोंग आखो एक गानं व्हई जाऊ दे."

पेटीचा सूर लागला. मी तांदूळ धुवायला घेतले.