गिरण बंद करून सांगितलेली गोष्ट

खटकचिंचोळीत आमच्या गल्लीला घड्याळ लागत नाही. ईरम्माची गिरण सुरू झाली की दिवस सुरू झाला. गिरणीच्या आवाजावर बोलून बोलून तिचा आवाज असा झालाय, की ती नुसतं "चहा घ्या" म्हणाली तरी पाहुणा दचकतो. नवरा जगदेवप्पा शेत बघतो आणि गप्प राहतो. त्याच्या वाटचं बोलणंही तीच उरकते. मी समोरच शिलाई मशीन घेऊन बसते, त्यामुळे तिच्या घरातलं मला सगळं ठाऊक आहे, असं मी समजून चालले होते.

आता सगळ्यांनाच कळलंय म्हणून सांगते. तिची एकुलती एक पोर पवित्रा, चौथीपासून नौबादला आत्याकडे राहून शिकली. "पोर हुशार हाय, हितं नुकसान व्हतंय तिचं," असं ईरम्मा सांगायची. हुशार होतीच, पण खरं कारण दमा. पिठाची धूळ नाकात गेली की पोरीचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा. सुट्टीत घरी आल्यावर तिला खोकल्याची उबळ आली की तो आवाज गल्लीत ऐकू जाऊ नये म्हणून ईरम्मा धावत जाऊन गिरण सुरू करायची, दळण असो नसो. औषधाचा पंप ज्वारीच्या डब्यात लपवलेला. दमेकरी पोरगी सून म्हणून कोण करून घेणार, ही धास्ती. आमच्याकडे ही धास्ती खोटी नाही. पण मी, चार घरांच्या खबरा ठेवणारी बाई, आणि मलाच पत्ता नाही! हा राग मी ईरम्मावर अजून काढते आहे.

तर ही पवित्रा बिदरला जनावरांची डॉक्टर झाली आणि पुढं शिकायला थेट न्यूझीलंडला गेली. आमच्या गल्लीतून विमानात बसलेली पहिली पोरगी. गेल्यावर आठवड्यानं ती तिथलं कॉलेज दाखवायला व्हिडिओ कॉल करणार म्हटल्यावर सकाळीच अख्खी गल्ली गिरणीत हजर झाली, कारण फोनला रेंज तिथंच येते. कुणी पोराला काखेत घेऊन, कुणी दळणाचा डबा नुसताच निमित्ताला घेऊन. मी तर गिऱ्हाइकाचं ब्लाऊज अर्धं सोडून गेले.

आणि कमलनगरहून उमादेवी आल्या होत्या. त्यांचा मुलगा महेशकुमार बँकेत आहे. पवित्राशी त्याच्या लग्नाची बोलणी जवळजवळ ठरलेली, फक्त मुलगी डोळ्यांनी बघायची राहिली होती. मुलगी परदेशात, म्हणून फोनवर बघणार होत्या. ईरम्मानं त्यांना एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं होतं.

फोन वाजला. स्वेटर घातलेली, गाल लाल झालेली पवित्रा दिसली आणि जो गलका झाला! "गाय दाखव गं तिथली." "थंडी लई हाय का?" "काय खायलीस?" गल्लीतल्या काशप्पानं तर मागून टाळ्याच वाजवल्या.

"अव्वा, मी ऑफिसात बसलेय," पवित्रा म्हणाली. "बाहेरच्या देशातनं आलेल्या पोरांना हितं दवाखान्याचा विमा काढावाच लागतोय. विम्याच्या बाई जुनं दुखणं विचारायल्यात. आत्ता लपवलं आन् उद्या दवाखान्यात पडले, तर विमा काय कामाचा न्हाई. कधी सुरू झालं, कुठं ठेवलं हुतं, मला नीट आठवंना. तूच सांग."

दुखण्याचं नाव तिनं घेतलं नाही. आईची शिकवण. पण बोलता बोलता तिला उबळ आली, आणि ईरम्माचा हात सवयीनं बटणाकडं गेला. गिरण धडधडायला लागली. फोनमध्ये पवित्राचे ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हतं. मी ईरम्माच्या खांद्यावरून बघत होते. पोरगी म्हणत होती, "अव्वा, बंद कर."

ईरम्मानं एकदा उमादेवींकडं बघितलं, एकदा फोनकडं. मग तिनं बटण दाबलं. पट्टा फिरत फिरत थांबला, तरी ती गिरणीवरच्याच आवाजात बोलली.

"दमा हाय तिला. पाच वर्साची असताना सुरू झाला. भालकीच्या दवाखान्यात आठवडाभर ठेवलं हुतं. पंप रोज घ्यावा लागतोय. समदं सांग त्या बाईला, काय बी ठेवू नको."

उमादेवींनी पदर सावरला. "पोरगी गुणाची हाय," त्या म्हणाल्या, "पण आता आमाला इचार करावा लागंल."

"करा की, निवांत करा," ईरम्मा म्हणाली. "तवर तिचा विमा तर व्हऊ द्या."

जगदेवप्पानं त्या दिवशीचं पहिलं वाक्य उच्चारलं, "चहा घेऊन जावा." पण त्या निघाल्याच.

फोनमध्ये पवित्रा डोळे पुसत हसत होती. "अव्वा, आता खोकले तर चालंल का?"

"खोक बाई. पायजे तेवढं खोक."

ती खरंच खोकली आणि सगळ्यांसमोर पंप काढून ओढला. आम्ही काहीतरी नवलाचं चालल्यासारखं बघत होतो, आणि मला भरून आलं, ते का हे मला अजून नीट सांगता येत नाही.

कुणीही घरी गेलं नाही. तासाभरानं पवित्राचा निरोप आला, की विम्याच्या लोकांनी दम्यासकट विमा मंजूर केला. ईरम्मानं तो निरोप स्वतःला एकदा आणि आम्हाला दोनदा वाचून दाखवला. तेवढ्यानं भागेना, म्हणून ती दारात जाऊन उभी राहिली.

"ऐकलं का गं," ती गल्लीभर ओरडली, "आमच्या पवीच्या दम्याचा विमा झाला!"

बसस्टँड तिथून लांब नाही. कमलनगरची बस अजून आली नव्हती, त्यामुळे उमादेवींनाही ते ऐकू गेलं असणार.